देवीच्या डोहाचं पाणी घेऊन लालबागला

आमच्या नदीच्या डोहात खत मी टाकलं. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवीलाही नाही. देवळात गेलो की हात जोडून इकडचंतिकडचं बोलायचो आणि चप्पल घालून परत यायचो. आता मुंबईतल्या आमच्या गावमंडळाच्या वार्षिक अंकासाठी तात्यांनी माझ्या मुंबईच्या प्रवासाचं वर्णन मागितलं आहे. "गमतीजमती लिहा, सर. गावाकडच्यांना वाचायला बरं वाटतं," असं ते फोनवर म्हणाले. गमती आहेत. पण खताचं आधी सांगितल्याशिवाय त्यातली एकही गंमत कळायची नाही.

अंक पाहुण्यांनाही वाटला जातो, म्हणून थोडी ओळख. आमचं गाव सिंधुदुर्गातलं, नदीकाठचं. देवळाच्या पायऱ्या संपतात तिथे डोह. डोहातले खडस मासे देवीचे. त्यांना कुणी धरत नाही. दर्शनाला येणारा मूठभर चुरमुरे पाण्यात टाकतो आणि मासे वर आले की नवस पोचला असं समजतो. मी गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे, म्हणजे परीक्षानळ्या धुतो. लोक मला सर म्हणतात. सुरुवातीला चुकून म्हणायचे, मी दुरुस्त केलं नाही, आता उशीर झाला.

मुंबईकरांना डोहाचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घडवायचं काम देवस्थानने माझ्यावर सोपवलं. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निकाल. चुरमुऱ्यांचं पोतं त्यांच्या नावाचं, हात माझा. मासे उसळले की पलीकडून "वा, सर!" ऐकू यायचं. या "वा, सर"ची मला चटक लागली. पण मासे काही रोज उसळत नसत. तेव्हा तालुक्याला शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचं शिबिर होतं, तिथे मी मुलांना घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तळ्यात थोडं शेणखत, थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट टाकलं की पाण्यात बारीक हिरवं जीवन वाढतं, ते खाऊन मासे पोसतात. मी सगळं लक्षात ठेवलं. फक्त "थोडं" विसरलो.

माघात मी पहिली गोणी सोडली. पाणी हलकं हिरवं झालं. पिल्लं दिसू लागली, मोठे मासे आणखी लठ्ठ झाले. गावात आणि मुंबईत एकच बोलबाला, देवीची कृपा. कृपा पन्नास किलोच्या गोणीत येते हे एकट्या मला माहीत होतं. मग मी कृपा वाढवली.

चैत्रात नदीची धार करंगळीएवढी उरली. डोहाचं पाणी वाटलेल्या पालकासारखं दिसू लागलं. पहाटे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायचे. मी त्याचा व्हिडिओ करून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, ‘देवीचे मासे सूर्याला नमस्कार करताना’. मुंबईतल्या झाडून सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्याच आठवड्यात एका सकाळी डोह पांढऱ्या पोटांनी भरून गेला.

गावाने आळ घेतला तो गणूवर. गणू नदीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरणारा. तरुणपणी एकदा वरच्या कोंडीत, म्हणजे नदीच्या वरच्या डोहात, औषध टाकून मासे मारताना सापडला होता. गावाला तेवढं पुरलं. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा गणूच्या घराचा, पिढ्यान् पिढ्या. तो मान काढून घ्यायचा की नाही हे चाकरमानी मे महिन्यात गावी यायच्या आधी ठरवायचं, आणि ठरवायचं मुंबईत, कारण आमच्या गावचे निर्णय अजूनही तिथेच होतात. पाणी तपासून आणायला कुणाला पाठवायचं? "सर सायन्सवाले आहेत," सगळे म्हणाले. गणू तर माझे हात धरून म्हणाला, "तुमी आसास म्हणान माका भिती नाय."

तर असा मी, थर्मोकोलच्या पेटीत तीन बाटल्या पाणी, बर्फ आणि सोबत गणूला घेऊन निघालो.

लालबाग

गावमंडळाची खोली एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. एकेकाळी इथे तीन पाळ्यांत माणसं झोपायची म्हणे. गिरणीतला एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. आता खिडकीतून समोर काचेचा टॉवर दिसतो आणि खोलीत कायमचे असे दोघेच, तेही त्या टॉवरवर सिक्युरिटीला. बाकी भिंतीला लागून ट्रंका. मालक कधीच गेले, ट्रंका हलवायची कुणाची छाती नाही. आमच्याकडे देवघरातल्या वस्तूंना जेवढा मान नाही तेवढा इथे ट्रंकांना आहे. मी एकीवर बसलो तर सिक्युरिटीतला एक दचकून म्हणाला, "सर, ती बाबलकाकांची." बाबलकाका कुठे असतात विचारलं. "वारले ना," म्हणाला.

फ्रिजमध्ये पेटीतल्या बाटल्या ठेवायला जागा केली. एका बाजूला त्यांचे बांगडे, दुसऱ्या बाजूला आमचा मासे मेलेला डोह. गणू फ्रिजसमोर चटई टाकून आडवा झाला, दर थोड्या वेळाने दार उघडून बघायचा.

"अरे, सारखं उघडू नको, थंडावा जातो."

"बघतंय हो. देवीचा पाणी आसा. खंयचो मेलो पिवन टाकतलो."

सकाळी चाळीत पाणी आलं तेव्हा जिन्यावर बादल्यांची एकच धांदल उडाली. त्या गोंधळात मला जे सुचलं ते सांगायला आता लाज वाटते, पण लाजेचाच अंक आहे हा. मी एक बाटली टॉवेलात गुंडाळली आणि मोरीत गेलो. डोहाचं पाणी ओतायचं आणि त्यात महापालिकेचं स्वच्छ, निर्मळ, क्लोरीन मारलेलं पाणी भरायचं. तीन बाटल्या, तीन फेऱ्या. पाणी शुद्ध निघेल, मासे कशानेतरी मेले म्हणून प्रकरण मिटेल. झाकण फिरवलं आणि मागून गणू.

"सर, बाटली भायरसून धुतास? बरा केलास. मी पण तेच म्हणत होतंय, लॅबातल्या मॅडमच्या हातात घाण बाटली कशी देवची?"

आणि त्याने माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट केलं, बाहेरून साबण लावून अशी चकचकीत धुतली की तिच्यात गुन्हा आहे असं कुणाला वाटलं नसतं. मग उरलेल्या दोन्हीही धुतल्या. मी नळ धरून उभा होतो.

गिरगाव

परळच्या प्रयोगशाळेने अकरानंतर बोलावलं होतं. मी म्हटलं, आधी गिरगावात काकीला भेटून येऊ. काकीवर माझं प्रेम आहेच, पण खरा विचार असा की जितका उशीर होईल तितकं पाणी नासेल. पेटी खोलीवर ठेवू म्हटलं तर गणू ऐकेना. "पेटी सोडून मी खंय जावचंय नाय." बसमध्ये त्याने ती तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली होती. एका बाईंनी उठून त्याला जागासुद्धा दिली.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन या वाडीत आली ती आजतागायत. गिरगावच्या वाड्यांची एक गोष्ट मला फार आवडते. रस्त्यावर कानठळ्या बसवणारी रहदारी असते आणि कमानीतून दहा पावलं आत गेलं की कुणाच्यातरी कुकरची शिट्टी ऐकू येते. आमच्या गावात शेजाऱ्याची खबर विचारायला कुंपणाशी जावं लागतं, इथे गॅलरीत उभं राहिलं की ती आपोआप येते. काकीने पन्हं दिलं, साबुदाण्याचे वडे दिले, माझे केस पांढरे झाल्याबद्दल बायकोला नावं ठेवली. मी हात धुवायला आत गेलो.

बाहेर आलो तर काकी डोळे मिटून उभी, ओंजळ ओठांना लावलेली.

"काकी! काय प्यालीस?"

"गणूने सांगितलं, देवीच्या डोहाचं पाणी आहे. अरे, गेल्या पाच वर्षांत गावी येणं झालं नाही माझं. देवी स्वतः माझ्या घरी आली आणि तू तिला त्या पेटीत कोंबून ठेवलीस? हिरवं कसं आहे रे?"

"बेलपानांचा रंग," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"हां, वाटलंच." मग तिने सगळ्या घरात पाणी शिंपडलं, शेजारच्या दोघींना हाक मारून पळीपळीने तीर्थ दिलं आणि उरलेली बाटली देवघरात ठेवली. शेजारणींपैकी एक म्हणाली, "थोडा वास येतो, नाही?" काकीने तिला गप्प केलं, "नदीचं तीर्थ आहे, बाटलीबंद नाही."

पोटात गेलेलं पाणी वाईट आहे हे सांगावं तर कशामुळे वाईट हेही सांगावं लागलं असतं. मी गणूकडे बघितलं. तो कौतुकाने बघत होता. "बघा सर, तीन बायांनी पिला. इख असता तर पिवक झाला असता काय?"

पुढचे दोन दिवस मी काकीला सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करून "पोट कसं आहे?" विचारत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "इतकी माया तुझ्या काकांनीसुद्धा केली नाही रे." तिला काही झालं नाही. पुतण्या सुधारला असं तिने अख्ख्या वाडीला सांगितलं.

परळ

पाणी तपासणारी प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, एक्स-रे काढणाऱ्यांच्या बाजूला. मॅडम तरुण होत्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या. मी पेटीतून बाटल्या काढल्या.

"लिंबू सोड्याच्या बाटल्या?"

"धुतल्या होत्या," मी म्हणालो.

"कशाने?"

"साबणान, झकास," गणू अभिमानाने म्हणाला.

मॅडमनी डोळे मिटले. "आतून?" "नाय नाय, भायरसून. आतून सरांनी गावाक धुतलेल्यो." मॅडमनी मला विचारलं, मी काय करतो. मी सांगितलं, विज्ञान प्रयोगशाळेत आहे. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जे काही सांगायचं ते गणूला सांगत.

मधले दोन दिवस गणूला मी मुंबई दाखवली, म्हणजे त्याने मला दाखवली. परळच्या एका पुलावरून त्याने खाली वाहणारा नाला बराच वेळ न्याहाळला. काळं पाणी, वर फेस. "ह्येच्यात एक मासो नाय," म्हणाला. मग पुढे, "आमच्याकडे पण आता नाय म्हणा." मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं. चहाचे पैसे द्यायला मी इतकी झटापट केली की टपरीवाल्याला आमचं भांडण वाटलं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. "कीटकनाशक नाही. विषारी असं काही सापडलं नाही." गणूने दोन्ही हात जोडले, मॅडमना की भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवाला, ते कळलं नाही.

"पण फॉस्फेट आणि नायट्रेट भरमसाट आहे," त्या म्हणाल्या. "हे खत आहे. नदीला थोडं पोषण लागतंच, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे. तुमच्याकडे मध्यंतरी मासे वाढले होते का?"

"वाढलेले तर! देवीची कृपा," गणू म्हणाला. मी चपलेचा पट्टा नीट केला.

"आणि पाणी वाहायचं थांबलं, ते हिरवंगार झालं, तरी खाणं टाकणं चालूच?"

"पोत्यांनी."

"मग झालं. ते हिरवं दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच घेतं. तळाला कुजणारं खाणंही घेतं. पहाटेपर्यंत माशांना उरतच नाही. मासे वर येऊन तोंड उघडतात, श्वासासाठी. ऑक्सिजन खरंतर डोहावरच मोजायला हवा होता, या बाटलीतून आता तो कळणार नाही. पण मासे असे वर आलेले कुणी पाहिले असतील तर शंका नको."

गणू माझ्याकडे वळला. "सर, तो तुमचो व्हिडिओ."

मॅडमनी तो मागितला. मी फोन काढून दाखवला. सूर्याला नमस्कार करणारे मासे. त्यांनी पूर्ण बघितला, खालचे जोडलेले हातही बघितले. "गुदमरतायत ते," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "खत कुठून आलं? काठावर शेती आहे?"

"शेती खंयची? उन्हाळ्यात काठार खडप नुसता," गणू म्हणाला. आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"वरून वाहून आलं असेल," मी म्हणालो. नदीची धार करंगळीएवढी होती हे मी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

दादर

गणूने दादरला मला जेवू घातलं. नको म्हटलं तरी ऐकेना. मालवणी खाणावळ, बाहेर रांग, आत घामाघूम वाढपी. गावाकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात. इथे मागचा पाहुणा मानेवर श्वास टाकत उभा असतो, तोच आग्रह. गणूने सुरमई मागवली आणि ताटातलं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं. आमच्याकडे डोकं मानाच्या माणसाला.

"खावा सर. तुमी नसतास तर माका कोणी इचारला असता?"

सुरमईचं तोंड उघडं होतं. मी सोलकढीवर सोलकढी पीत राहिलो. वाढप्याने विचारलं, "काका, पोट बिघडलंय काय?"

रविवारी सभा. एका शाळेचा वर्ग मिळाला होता, तोही बालवर्ग. मंडळाची पोट सुटलेली, गुडघे दुखणारी सगळी कार्यकारिणी इवल्याशा बाकांवर गुडघे कानाशी घेऊन बसली होती. तात्या, आमचे अध्यक्ष, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, तेवढे शिक्षकाच्या खुर्चीवर. गणू दाराशी उभा. बस म्हटलं तरी बसेना.

"बोला सर," तात्या म्हणाले. "विष?"

"विष नाही, तात्या."

वर्गाला जरा हायसं वाटलं. गणूने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पुढे बोललो, आणि माझ्या मते मी त्या दिवशी कबुलीच दिली. मी म्हणालो, "पोषण जास्त झालं. खाणं जास्त झालं, खतासारखं काहीतरी पाण्यात गेलं. आपल्या सगळ्यांच्याच हातून थोडं थोडं झालंय." हे "आपल्या सगळ्यांच्या" मी आदल्या दिवसापासून घोकत होतो. त्यात मी होतो, बरोबर. पण इतक्या माणसांत उभा होतो की माझं तोंड दिसू नये.

"खाण्याचं समजलं. पोती बंद करू," तात्या म्हणाले. "पण खत? नदीत खत कोण टाकील?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नदीत सकाळ-संध्याकाळ कोण असतो?"

सगळे दाराकडे वळले. मला खरंच वाटलं नव्हतं की खऱ्याचा अर्धा तुकडा असा त्याच माणसावर जाऊन पडेल.

"माझ्याकडे वावभर जमीन नाय," गणू म्हणाला. "मी खत कित्याक घेव?" आवाज मोठा नव्हता. मग माझ्याकडे बघून, "सर, तुमीच सांगा."

मी तोंड उघडलं. सगळ्यांनी मी तोंड उघडलेलं पाहिलं. मी म्हणालो, "चहा सांगू का सगळ्यांना?"

चहा आला. चहावर ठरलं की विष सापडलं नाही म्हणून गणूला दोष नाही, पण खताचा उलगडा होत नाही तोवर पालखीचा पहिला खांदा देवळाकडे राहील. पुढच्या शिमग्याला पुजारी देईल. खरं काय ते कळलं की बघू, असं तात्या म्हणाले. माझ्या बशीतला चहा मी सावकाश प्यालो.

खाली उतरल्यावर गणू पेटी उचलून चालू लागला. पेटी आता रिकामी होती, पण ती त्याने टाकली नाही. "चेडवाक व्हयी, मासे ठेवक," म्हणाला, म्हणजे त्याच्या मुलीला. वाटेत थांबून म्हणाला, "सर, तुमी माझ्यासाठी बोललास. ‘सगळ्यांच्या हातून’ म्हणालास. माझ्या एकट्याच्या नाय. मी इसराचंय नाय."

फूलबाजारातून जात होतो. विक्रेते उरलेल्या झेंडूवर पाणी मारत होते. मी झेंडूचा हार विकत घेतला, कशासाठी ते आजही माहीत नाही. लालबागच्या खोलीत बाबलकाकांच्या ट्रंकेवर ठेवून आलो.

परत

पावसाने डोह धुऊन काढला. वरच्या कोंडीतून बोटाएवढी पिल्लं उतरली आहेत. पोती बंद झाली. लोक पुन्हा चिमूटभर चुरमुरे टाकतात, तेवढ्यावर ती जगतात असं दिसतं. व्हिडिओ मी करत नाही. मुंबईहून कुणी विचारलं तर नेटवर्क नाही म्हणून सांगतो. म्हणजे खोटं अजून सुटलेलं नाही, फक्त कमी केलं आहे.

तात्या, शेवटी मी लिहिणार होतो की मजकूर योग्य वाटला नाही तर छापू नका. ते खोडलं. छापा. माझं नाव वर घाला आणि ‘सर’ लावू नका. तीन गोण्या मी टाकल्या, तीनही एकट्याने, आणि "सगळ्यांच्या हातून" हे खोटं होतं. काकीलाही अंक पाठवा, तिची बाटली अजून देवघरात असेल तर ओतून टाकायला सांगा.

हा अंक गावातले बहुतेक सगळे वाचतील. गणूला वाचता येत नाही. अंक येईल त्याच्या आधी त्याच्या अंगणात उभं राहून हे त्याला तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही. आणि पालखीचा पहिला खांदा त्याच्या घराचा आहे, तो शिमग्याच्या आधी त्याला परत मिळवून द्यायचा आहे. एवढं माझं देणं बाकी आहे.